मागच्या दारातले स्पीकर

वर्षभर घरात गाणं लावायचं नाही, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. धाकट्या दिरांनी गाडीतही लावलं नाही. यांचं वर्षश्राद्ध झालं आणि मग दीर म्हणाले, "वहिनी, आता गाडीत मागं स्पीकर बसवू. तुम्ही आन् पोरगी मागं बसता, तुमच्या पसंतीचेच घेऊ." मी हो म्हणाले.

हे गेले ते न्हावऱ्याच्या शिवारात. फडाच्या कडेला मोटारसायकल लावून हे चेन बसवायला वाकले होते. उसाचा ट्रॅक्टर ट्रॉली मागे घेत होता. बांधावरची माणसं ओरडली. ट्रॅक्टरवर गाण्यांचा मोठा डेक वाजत होता.

मुलीला दौंडच्या शाळेत दीरच सोडतात. शाळेच्या दारात गाडी वळवायची म्हणजे मागे घ्यावीच लागते, आणि तिथे मागे सगळी लेकरंच असतात. दुकानात जाईपर्यंत माझ्या डोळ्यांपुढून ते दार हलेना.

दुकानदाराने दोन जोड पुढे ठेवले. मोठे, लांबट, मागच्या काचेखालच्या फळीवर बसणारे. आणि लहान, गोल, मागच्या दारांत बसणारे.

"फळीवरचे घ्या ताई. न्हावऱ्यात वाजले की शिरूरला नाचत्याल."

"मागून कुणी ओरडलं तर आत ऐकू येईल?"

"ओरडतंय कोण आता? समदे हॉर्नच वाजिवत्यात."

तो हसला. दीर हसले नाहीत. मी म्हणाले, "भाऊजी, मला बघायचंय."

दुकानदाराने मोठे स्पीकर फळीवर नुसते ठेवून तारा जोडल्या. स्पीकरचं रिकामं खोकं मी गाडीमागे जमिनीवर ठेवलं आणि भिंतीकडे सरले. दिरांना सांगितलं, काचा वर करा, नेहमी लावाल तेवढ्या आवाजात लावा, मी ओरडले की थांबा.

गाडी मागे येऊ लागली. काचांमधून धडधड बाहेर येत होती. मी "थांबा" म्हणून ओरडले. पुन्हा ओरडले. गाडी त्याच सावकाश चालीने येत राहिली. चाकाखाली खोकं दबताना पाहिलं आणि माझा आवाजच बंद झाला. शेवटी दुकानदाराने डिकीवर थापा मारल्या.

दीर उतरले. चाकाखाली बघत उभे राहिले. "मला काय ऐकूच आलं न्हाई, वहिनी." मग दुकानदाराला म्हणाले, "हे उचला."

"बरं, मग दारातले बसवू," तो म्हणाला. आता त्याचाही आवाज खाली आला होता. "मागचा आवाज बारीक ठेवतो, गाणं पुढनंच येऊ दे. आन् एक वायर टाकतो, रिव्हर्स पडला की समदं गप."

त्याने काम संपवल्यावर दुसरं खोकं ठेवलं. दिरांनी रिव्हर्स टाकला, गाणं तुटलं. मी ओरडले. गाडी जागच्या जागी थांबली. मी मात्र भिंतीपाशीच उभी राहिले. दिरांनीच येऊन मला गाडीत बसवलं.

परतताना त्यांनी विचारलं, "लावू का?"

"लावा. हळू."

गाडी पुढे जाताना ती वायर गाणं बंद करत नाही, हे मला कळत होतं. मी माझ्या बाजूची काच पूर्ण खाली केली.

"वहिनी, धूळ येतीय."

"येऊ द्या," मी म्हणाले.