लागला, पण दिसेना!

लॅबमध्ये किस्से धुळीसारखे साठतात. धूळ तरी आम्ही पुसतो, कारण एक कण पडला तरी आमचा दिवा मरतो! नगरजवळच्या आमच्या कॉलेजात आम्ही ओएलईडी बनवतो. म्हणजे काचेवर सेंद्रिय पदार्थाचे पातळ थर देऊन केलेले नखाएवढे दिवे. मोबाईलच्या स्क्रीनमध्ये असतात, तसलेच.

* * *

माझ्याबरोबर जामखेडची वैशाली पीएचडी करत होती. तिचा पहिला लाल दिवा लागला तेव्हा मी सरांना बोलवायला धावलो. सर चष्मा शोधत आले, तोवर दिवा विझलेला!

लॅब असिस्टंट सॅम्युअलमामांनी दारातूनच विचारलं, "सर, पेढे आनू का दहाव्याची तयारी करू?"

वैशाली दोन दिवस मामांशी बोलली नाही.

* * *

मग सरांनी तिला निअर-इन्फ्रारेडचा विषय दिला. लाल रंगाच्या पलीकडचा उजेड, डोळ्यांना दिसतच नाही. मीटरवर आकडा हलला की समजायचं, लागला.

"बरं झालं," मामा म्हणाले, "आता इझला तरी कुनाला कळायचं न्हाई!"

* * *

संस्थेचे चेअरमन या दिव्याच्या उद्घाटनाला आले. बटण दाबलं. अर्थात दिसलं काहीच नाही. तरी टाळ्या झाल्या, फोटो झाले, भाषणही झालं: "आपल्या कॉलेजनं उजेड पाडला!"

ते गेल्यावर वैशालीनं पाहिलं तर वायर जोडलेलीच नव्हती. तो फोटो अजून ऑफिसात टांगलेला आहे.

* * *

फायनल व्हायवा. परीक्षक पुण्याचे. वैशालीचे वडील, आबा, पहाटेच्या एसटीनं येऊन मागच्या बाकावर बसलेले.

ग्राफ बघून परीक्षक म्हणाले, "हे ठीक. आता लागलेला दाखवा."

वैशालीनं स्विच दाबला. "सर, मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघा. जांभळट ठिपका दिसेल."

त्यांनी आपला महागडा फोन धरला. काही नाही! चांगल्या कॅमेऱ्यात हा उजेड अडवणारी काच असते, हे आम्ही साफ विसरलो होतो. परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. वैशालीला घाम फुटला. पाच वर्षं पाण्यात जाणार!

"माझ्यात बघता का?" आबा उठले. फोन जुना, स्क्रीनला तडा, वर रबरबँड. धरला आणि ठसठशीत जांभळा ठिपका!

परीक्षक एकदम खूश. "आबा, लेकीचा दिवा लागलाय बरं का! फक्त साध्या डोळ्यांना दिसत नाही."

आबांनी एकदा दिव्याकडे पाहिलं, एकदा फोनकडे.

"साहेब, एवढं आमच्या वायरमनला सांगू नका. उद्यापासनं म्हनंल, लाईट हाय, तुमालाच दिसंना!"