देवजीबाबांचा ओहोळ

देवजीबाबा रिकाम्या शेतातूनही सरळ चालत नसत. जामसरजवळच्या आमच्या पाड्यावरचा ओहोळ मशीनने सरळ केला, तरी बाबा चालायचे ते जुन्या पात्राच्या वळणांनीच. "हितं वाकायचा तो. मंग दमायचा, बसायचा," असं सांगत. बसायचा म्हणजे डोह व्हायचा. त्या डोहांवर पाडा उन्हाळा काढायचा. आता पाऊस सरला की नुसते गोटे, आणि बायकांच्या कंबरेवर लांबून आणलेलं पाणी.

भाताला जमीन निघावी म्हणून ओहोळ सरळ करायचा अर्ज मीच लिहिला होता. पाड्यातली पहिली पदवीधर मी, आणि तो माझा पहिला सरकारी अर्ज. ग्रामसभेत तो वाचला तेव्हा मी ताठ बसले होते. बाबांनी कधी दोष दिला नाही. फक्त नावाने हाक मारणं सोडलं. "ए बीए, तू लिवलंस नि त्यो सरळ झाला. आता वाकडा कर म्हून लिव."

लिहिलं. ऑफिसातून उत्तर आलं: जुनं पात्र जागेवर दाखवा, आणि ज्यांच्या शेतातून जातं त्यांची संमती आणा. बाबांनी भाताच्या रोपांसाठी जाळलेल्या राबाची राख टोपलीत घेतली आणि वाकत, वळत रेघ ओढत निघाले. चार जणांची शेतं झाली आणि रेघ आमच्या भाताच्या दोन खाचरांत शिरली. जुनं पात्र बुजवून माझ्या वडिलांनीच ती केली होती. बाबा थांबले. "ह्ये तुझं तू बघ," म्हणाले आणि रेघ पुढे नेली.

चौघांच्या ओट्यांवर बाबा दिवस दिवस बसले. "मला नको सांगू. तुझ्या बायकोच्या कंबरेला इचार," असं म्हणत. चौघांनी कुरकुरत संमतीच्या कागदावर अंगठे दिले.

वडील ऐकेनात. "जन्मभर डोंगरावर नागली काढली. आता कुठं घरचा भात खातोय. तुझ्या शिक्षनानं मिळालं, ते तुझ्याच शिक्षनानं न्यायचं?"

बाबा आजारी पडले. मी बघायला गेले, तर पहिला प्रश्न, "झाला बापाचा अंगठा?"

"होतोय, बाबा."

"खोटं बोलाया पन बीए लागतं काय गं?" म्हणाले आणि खोकत हसले. चार दिवसांनी गेले.

वडिलांनी खांदा दिला, रडलेही. घरी आल्यावर मी संमतीचा कागद पुढे ठेवला. "त्यो गेला. आता कुनासाठी?" म्हणत ते अंघोळीला उठले. हंड्यात तळाला पाणी होतं. मी कागद उचलून ठेवला आणि कळशी घेऊन निघाले.