शनिवारचा चहा

शुक्रवारी संध्याकाळी मेणबत्त्या लावायला काडी ओढली, की त्या वासासरशी मी नागपूरच्या आमच्या स्वयंपाकघरात जाऊन पोचते. आम्ही ज्यू. शब्बाथला, म्हणजे शनिवारी, घरात विस्तव पेटवत नसू. शेजारच्या सरूकाकूंना ते कधी सांगावं लागलं नाही. न्हालेल्या केसांना पंचा गुंडाळून त्या मागच्या दाराने येत, "बाजूले सरक वं पोरी," म्हणत आमचा स्टोव्ह पेटवत, आणि आल्याचा चहा करून आमच्यासोबतच पीत बसत.

आम्ही कायमचे इस्राएलला निघालो, तेव्हा काकूंना एकच काळजी होती. "तिकडं शनवारी तुम्हाले चाय कोन करून देईन?"

आई हसली. "अहो, तिकडे सगळे आपलेच असतील."

नव्या घरातला पहिला शनिवार गारठ्याचा होता. मी तेव्हा नऊ वर्षांची. कुणाला न विचारता चहाचं भांडं घेतलं आणि शेजारचं दार वाजवलं. डोक्याला रुमाल बांधलेल्या एक आजी बाहेर आल्या. मला भाषा येत नव्हती, म्हणून काडी ओढायची खूण केली. त्यांना कळलं. मान हलवत त्यांनी आपल्या चौकटीवरच्या मझुझावर हात ठेवला. ज्यू घराची खूण असलेली तशीच लहानशी डबी आमच्याही दाराला होती. मग त्यांनी समोरचं दार दाखवलं, वरच्या मजल्याकडे बोट केलं. सगळीकडे तीच डबी.

मी रिकामं भांडं घेऊन परतले आणि आईला सांगितलं, "इथे सगळे आपलेच आहेत."

नागपूर सोडताना आई रडली नव्हती. ती तेव्हा रडली. मला वाटलं, चहा मिळाला नाही म्हणून.