रज्जाकभाऊ शूटिंगवाले

रज्जाकभाऊ कॅमेरा खांद्यावर घेऊन लग्नघराच्या दारात उभे राहत आणि आत शिरत नसत. नवरदेवाचा मामा घड्याळ दाखवून कावलेला असे, सगळे 'या ना भाऊ, या ना' करत असत. पण भाऊंच्या लेन्सवरचं झाकण काही निघत नसे. बायकांच्या खोलीकडे तोंड करून ते विचारत, "बाई, घेऊ का?" आतून एखाद्या म्हातारीचं "घ्या भाऊ" आलं की मगच झाकण खिशात जाई. नाही आलं, तर भाऊ ओसरीवर बसून चहा मागवत. घाई त्यांना ठाऊकच नव्हती.

भद्रावतीच्या बस स्टँडमागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. पाटीवर नुसतं 'शूटिंग' लिहिलेलं. आजूबाजूच्या तीसेक खेड्यांतल्या लग्नांना दुसरा शूटिंगवाला चालत नसे. हळदीच्या वेळी घरच्या जावयालाही जिथून हाकलून लावत, तिथे या मुसलमान माणसाला पाट टाकून बसवत. कोणी त्याचं नवल केलं तर भाऊ म्हणत, "कॅमेरा म्हंजे हात हाय बेटा. विचारल्याबिगर कोणाले लावाचा नाई." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पन्नासदा तरी ऐकलं असेल. ऐकून उपयोग काय झाला, ते पुढे सांगतो.

गावोगाव सीडी प्लेअर आले होते ती वर्षं. जत्रेत, बस स्टँडवर, पानठेल्यावर गाण्यांच्या सीड्या टांगलेल्या असत. आम्ही बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि आपणही एक गाण्याचा व्हिडिओ काढायचा, असं आमच्या डोक्यात शिरलं. आम्ही म्हणजे तिघं. सुनील फॅक्टरीच्या कॉलनीत राहायचा, त्याच्या घरी कॉम्प्युटर होता, त्यामुळे तो आपोआप डायरेक्टर झाला. मी गाणं लिहिलं होतं. आणि वंदना ते गाणार होती. खरं म्हणजे वंदना होती म्हणूनच सगळं होतं. ती गायला लागली की कॉलेजच्या कँटीनमधला पोरगा कपबशा विसळायचा थांबत असे.

सुनीलने कुठल्याशा मासिकात 'ब्रँडिंग' हा शब्द वाचला होता. त्यामुळे कॅमेरा मिळण्याआधी आमच्याकडे लोगो तयार होता. ग्रुपचं नाव 'मोहफूल', आणि मोहाच्या फुलातून निघणाऱ्या वीणेच्या तारा. तो कागद घेऊन आम्ही मोठ्या ऐटीत रज्जाकभाऊंकडे गेलो. भाऊंनी चष्मा चढवून तो बराच वेळ पाहिला.

"दारूची कंपनी काढली का बेटा?"

आमचे चेहरे पडलेले पाहून ते इतके हसले, की आतल्या घरातून त्यांच्या पत्नी शमीमभाभी काय झालं म्हणून बाहेर आल्या. मग गाणं ऐकलं, आणि हसणं थांबलं. "ही पोरगी कोणाची?" एवढंच त्यांनी विचारलं. भाऊंना मूलबाळ नव्हतं. वंदनाला त्यांनी त्या दिवसापासून 'बेटी' म्हणायला सुरुवात केली.

अडचण होती वंदनाच्या वडिलांची. वामनभाऊ चंद्रपूरच्या रस्त्यावरून आत, तासभर पायी जावं लागे अशा एका खेड्यात राहत. थोडं सोयाबीन, धानाच्या चार बांध्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे. पोरीला त्यांनी कॉलेजात घातलं, हेच गावाला पचलेलं नव्हतं. वंदनाला बी. ए. करून गाण्याच्या परीक्षा द्यायच्या होत्या आणि शाळेत गाणं शिकवायचं होतं. वामनभाऊ ना हो म्हणत होते, ना नाही. पण दर जूनला फी भरत होते. व्हिडिओचं ऐकून मात्र ते उखडले. "लग्नाची पोरगी, अन् तिचं थोबाड पानठेल्यावर? उद्या सोयरीक कोण आणन माह्या दारात?"

मी, सुनील आणि रज्जाकभाऊ त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. रज्जाकभाऊ म्हणाले, "आवाज घेऊ द्या भाऊ. मुखडा नाई दिसनार. माह्या जबानीवर राहू द्या."

वामनभाऊंच्या तीन पुतण्यांची लग्नं रज्जाकभाऊंनीच शूट केली होती. ते जरा वेळ तंबाखू मळत राहिले. "तुमी म्हनता म्हनून," ते म्हणाले. "मंग मले त्या पोट्ट्यांशी काई घेनं-देनं नाई. शब्द तुमचा."

चेहरा दाखवायचा नाही म्हटल्यावर सुनील हिरमुसला. भाऊ मात्र खुशीत आले. रोवण्याचे दिवस होते. वामनभाऊंच्या बांधीत बायका ओळीने वाकून धान लावत होत्या. भाऊंनी वंदनाचे चिखलातले पाय घेतले, पेंडी सोडणारी बोटं घेतली, पाठीवरून घसरणारी वेणी घेतली, बांधीच्या पाण्यात हलणारी सावली घेतली. पन्नाशी उलटलेला माणूस गुडघाभर चिखलात बसून कॅमेरा पाण्याला टेकेल इतका खाली नेत होता. "मुखडा कोनीबी घेते बेटा," ते मला म्हणाले. "पाय घ्याले अक्कल लागते." मी आजही सांगतो, त्यांनी घेतलेल्या त्या पायांत जी पोरगी दिसत होती, ती चेहऱ्यात दिसली नसती.

दुपारी एक गंमत झाली. उजेड पाडायला थर्मोकोलचा तुकडा धरून उभ्या असलेल्या सुनीलच्या पायाला खेकडा चावला आणि डायरेक्टरसाहेब थर्मोकोलसकट बांधीत आडवे झाले. वंदना खळखळून हसली आणि हसता हसता वळली. कॅमेरा चालू होता. भाऊंनी लगेच झाकण लावलं. "हे आपलं नाई. हे काटून टाकू."

आणि ते त्यांनी कापलं. सुनीलच्या घरी कॉम्प्युटरपुढे चार दिवस आमच्या शेजारी बसून, ते हसणं व्हिडिओतून पूर्ण काढलं. पण त्याआधी, भाऊ नमाजाला गेले होते तेवढ्यात, मी त्यातलं एक चित्र, तिचा वळलेला हसरा चेहरा, वेगळं काढून ठेवलं होतं. कशाला? मला ते आवडलं होतं. चित्र आवडलं होतं की वंदना, हे मी तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही.

सीडीच्या कव्हरवर आधी पाण्यातले पाय होते, वर मोहफुलाचा लोगो. ते घेऊन मी आणि सुनील चंद्रपूरला एका दुकानदाराकडे गेलो. तो सगळीकडे सीड्या पुरवत असे. त्याने कव्हर उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "पाय पाहून कोन सीडी घेते भाऊ? हिरोईन नाई का?" परतीच्या बसमध्ये, भद्रावती यायच्या आत, मी सुनीलला सांगितलं, की माझ्याकडे एक चित्र आहे.

आम्ही काही चोर नव्हतो. आम्ही चांगली कारणं शोधली. वामनभाऊंना शब्द दिला तो व्हिडिओचा. व्हिडिओत चेहरा नाही. कव्हर म्हणजे व्हिडिओ नव्हे. आणि वंदनाला ते पाहून आनंदच होईल. तिला विचारावं, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. छापून आल्यावर तिला द्यायचं, चकित करायचं, असं आम्ही ठरवलं होतं. कव्हर छापलं, त्याचंच मोठं पोस्टरही छापलं. वंदना हसत होती, मागे हिरवी बांधी, आणि कपाळावर आमचं मोहफूल.

आठवड्याभरात रज्जाकभाऊ कॉलेजच्या फाटकाशी आले. हातात ते कव्हर होतं. बस स्टँडच्या टपरीवर त्यांना दिसलं होतं. ते ओरडले नाहीत. "कोनं लावला?" एवढंच विचारलं.

"मी, भाऊ."

ते फाटकाजवळच्या पायरीवर बसले. चेहरा असा झाला होता, की मला वाटलं त्यांना पाणी आणून द्यावं. मग उठले आणि म्हणाले, "चाल." त्यांच्या जुन्या लुनावर मागे बसून मी दुपारभर हिंडलो. टपऱ्या, पानठेले, सायकलची दुकानं. भाऊ प्रत्येकाला हात जोडून सीड्या परत घेत होते, पोस्टर नखांनी सोलून काढत होते. पण एक पोस्टर आधीच वंदनाच्या गावच्या पानठेल्यावर पोचलं होतं. सोमवारी वंदना कॉलेजला आली नाही. मंगळवारीही नाही.

बुधवारी भाऊ वामनभाऊंकडे निघाले. मी हट्टाने बरोबर गेलो. खरं काय ते मी सांगणार होतो, मार खाणार होतो. मनाची तशी तयारी करून निघालो होतो. गावाच्या वेशीवर भाऊंनी लुना थांबवली.

"तू इथीच थांब."

"भाऊ, चूक माझी आहे."

"हो, तुहीच हाय. पन तूनं सांगतलं तं तिच्या बापाले काय वाटन? का कॉलेजातल्या पोट्ट्याजवळ पोरीचा फोटो होता. काऊन होता? कवापासून होता? गावात अशेच सवाल निंगन. सारं तिच्यावर येईन. मी बुढा मानूस. लोक म्हनन, लालची निंगाला, फोटो इकला. म्हनू दे. लालचीचा डाग पोरीले लागत नाई."

मी लिंबाखाली उभा राहिलो. मला लाज वाटली, आणि खोटं कशाला बोलू, त्या लाजेखाली सुटल्याचं बरंही वाटलं. भाऊ थोड्याच वेळात परत आले. आत काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात वंदनाचं लग्न लागलं. पार गडचिरोली जिल्ह्यात, आलापल्लीच्या पुढे दिली तिला. तिसरं वर्ष राहिलं ते राहिलंच. घाईने आणलेलं स्थळ होतं, चौकशीही धड झाली नव्हती. नशिबाने माणूस बरा निघाला, असं पुढे कळलं. पण ती तिथे गात नव्हती. तिकडच्या शाळेत मुलांना गाणं शिकवायला कोणी नाही, हेही मला पुढे नोकरीच्या निमित्ताने कळलं, आणि त्या दिवशी मी जेवलो नाही.

भाऊंचं काय झालं, ते हळूहळू झालं. कोणी भांडायला आलं नाही. पुढच्या मोसमात खेड्यांतून बोलावणंच आलं नाही, एवढंच. 'रज्जाकनं वामनभाऊच्या पोरीचा फोटो इकला' हे तीस गावांत पोचायला एक बाजाराचा दिवस पुरला. ज्या म्हाताऱ्या आतून 'घ्या भाऊ' म्हणत, त्यांनी दारं लोटून घेतली. भाऊंनी मोठा कॅमेरा विकला आणि दुकानात पासपोर्ट फोटो काढायला लागले. परीक्षेचे फॉर्म भरणारी पोरं यायची. भाऊ त्यांना सांगायचे, "हसू नोको बेटा, हसलेला फोटो सरकारले चालत नाई." हे ते गमतीने म्हणत. मी बाकावर बसलेलो असलो, की मला ते गमतीचं वाटत नसे.

मी जात राहिलो. मला गडचिरोलीला मास्तरकी लागली, तरी सुट्टीत आलो की आधी त्यांच्याकडे. ते मला कधी टाकून बोलले नाहीत. शमीमभाभींना खरं माहीत होतं. त्या चहा द्यायच्या, पण माझ्याशी बोलायच्या नाहीत. तेच मला न्यायाचं वाटायचं. एकदा मी फार तळमळून म्हणालो, "भाऊ, आता वंदनाला दोन लेकरं झाली. आता तरी मला वामनभाऊंना सांगू द्या."

भाऊ फोटो कापत होते. कात्री थांबली नाही. "कायले सांगाचं? वामनभाऊले त्याचा काय फायदा?"

"तुमच्यावरचा आळ जाईल."

"माह्यावरचा जाईन का तुह्या जिवावरचा जाईन? आपला जीव हलका कराले खरं बोलू नाई बेटा. ते खरं दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसते."

मला ते पटलं नाही. पण त्यांच्याशी वाद घालायची माझी लायकी नव्हती.

ते गेले, तेव्हा सुनीलने फोन केला. छातीत कळ आली आणि चंद्रपूरला नेईपर्यंत सगळं संपलं. मी मिळेल त्या बसने पोचलो. कब्रस्तानात गल्लीतले लोक होते, नात्यातले होते, पासपोर्टवाली चार पोरं होती. खेड्यांतलं कोणी नव्हतं. ज्या माणसाने तीस गावांच्या पोरी सासरी पाठवताना स्वतःचे डोळे पुसत कॅमेरा धरला, त्याला माती द्यायला त्यातलं एक माणूस आलं नाही. मी मूठभर माती टाकली. मला माझाच राग येत होता.

मला ते सहन झालं नाही. दुसऱ्याच दिवशी मी वामनभाऊंच्या गावी गेलो. ते फार थकले होते. ओसरीवर बसून सुपात तूर निवडत होते. मी ओळख दिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. फोटो मी काढला, कव्हरवर मी लावला. रज्जाकभाऊंना काहीच माहीत नव्हतं. तुमच्या पोरीवर बोट येऊ नये म्हणून त्यांनी ते स्वतःवर घेतलं. काल ते वारले.

वामनभाऊंनी मला हाकललं नाही. शिवीही दिली नाही. सूप बाजूला ठेवलं आणि ओसरीच्या कडेकडे बोट केलं.

"तो आला होता, अथीच बसला होता," ते म्हणाले. "मीनं त्याले म्हटलं, तुले पोरगी रायती तं तुले समजलं असतं. त्याले लेकरू नोयतं, मले मालूम होतं. मालूम होतं म्हनूनच म्हटलं. त्यानं हात जोडले अन् उठला."

"अन् हे तू मले आज सांगून राह्यला," वामनभाऊ म्हणाले. "काल तो मेल्यावर. आता मी कोनाले जाऊन सांगू रे, का मीनं तसं म्हनाले नोको होतं?"