फुलांखालचा आकडा

महादेव तिवडे कामाच्या टेबलाशी उभा राहिला की हल्ली हात मागे बांधतो. पूर्वी तसं नव्हतं. पूर्वी त्याचे हात त्याच्या आधी टेबलावर पोचायचे.

तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीत बाळाप्पांच्या शेडमध्ये कंट्रोल पॅनेल बनतात. महादेव तिथं वायरिंग करतो. वडील, चुलते, भाऊ सगळे कापडाच्या दुकानात. मिरजेकडून हुबळीच्या बाजारात आलेलं हे घराणं माणसाचा चेहरा बघून भाव सांगायचं. महादेवला चेहरे कधी वाचता आले नाहीत. तरुणपणी तो धारवाडच्या गाण्याच्या बैठकांचे अँप्लिफायर दुरुस्त करायचा, आणि गाणं रंगात आलं की बाकीचे गवयाकडे बघायचे, हा डब्यातल्या घरघरीकडे कान लावून बसायचा. बोटांना कळतं, असं तो म्हणायचा. लोकही म्हणायचे. पन्नाशी उलटेपर्यंत त्याला याहून मोठं काही कुणी म्हटलं नव्हतं.

त्याची खरी मिरवायची वस्तू म्हणजे शेडमधला सप्लाय. लोखंडी चौकटीत ओळीनं बसवलेले कप्पे. एक कप्पा बारा व्होल्ट देणार, एक चोवीस, एक पाच. हवा तो सरकवून बसवायचा, नको तो काढायचा. प्रत्येक कप्प्याच्या तोंडावर आकडा दाखवणारी इवलीशी खिडकी आणि खाली व्होल्टेज कमी-जास्त करायचा नॉब. चौकट महादेवनं स्वतः जुळवलेली. तिला कुणी हात लावला तर त्याला आवडत नसे.

गेल्या पावसाळ्यात नेत्रा आली. उणकलच्या नव्या वसाहतीतली, डिप्लोमा झालेली मुलगी. बाळाप्पांनी तिला दसऱ्यापर्यंत बघू म्हणून ठेवली होती. अळणावरच्या शंकर नावाच्या लाकूडवाल्याला ओली लाकडं वाळवायच्या खोलीवर नजर ठेवणारं पॅनेल हवं होतं. आत ऊब किती, ओल किती, पंखा कधी फिरवायचा. नेत्रानं त्यासाठी एका छोट्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहिला. अख्खा कॉम्प्युटर एका उघड्या बोर्डावर, पत्त्यांच्या कॅटाएवढा. हे चाललं तर तिची नोकरी पक्की, असं बाळाप्पा सगळ्यांदेखत बोलले होते.

“याला पाच व्होल्ट लागतात, अण्णा. मी याचा चार्जरच आत बसवते,” नेत्रा म्हणाली.

“पॅनेलात चार्जर? उद्या मोबाईल पण लटकव तिथं.” महादेव हसला. “माझा पाचचा कप्पा आहे की. इथं त्यावरच चालव, अळणावरला तसाच दुसरा जुळवून देऊ.”

“मग निदान त्याच्या पॉवरच्या सॉकेटमधून देऊ.”

“ते सॉकेट ढिलं पडतं. सरळ पिनांवर दे.”

“पिनांवर दिलं तर मध्ये अडवणारं काही नसतं. व्होल्टेज वाढलं की बोर्ड गेला. मी एक फ्यूज आणि छोटं संरक्षण घालू का?”

“का गं यव्वा, माझ्या सप्लायवर भरवसा नाही?”

ती ओशाळली. “तसं नाही, अण्णा.” आणि तिनं तारा सरळ पिनांवर दिल्या. आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. खिडकीत पाच पूर्णांक एक. आकडा हलला नाही.

खंडेनवमीला शेडमध्ये काम नसतं, हत्यारांना विश्रांती. सगळी यंत्रं पुसायची, पाना-पक्कडसुद्धा मांडून ठेवायची, विभूतीचे पट्टे, कुंकू, झेंडूच्या माळा. महादेवनं सप्लाय दुसऱ्या कुणाला पुसू दिला नाही. वीज बंद करून त्यानं ओल्या फडक्यानं चौकट पुसली, एकेक कप्पा पुसला, नॉबच्या खाचेत बसलेली धूळ फडकं गोल फिरवून काढली. मूर्तीला पुसतात तसं, निगुतीनं. मग विभूतीची तीन बोटं ओढली, प्रत्येक नॉबला कुंकू लावलं, आणि जाड माळ चौकटीवरून सोडली. माळ खिडक्यांवर आली. छान दिसत होतं. मंगलाला, म्हणजे बायकोला, दाखवायला त्यानं फोटोही काढला.

नारळ फुटला. शंकर अळणावरहून पेढे घेऊन आला होता. बाळाप्पा म्हणाले, जुन्या यंत्रांना सुट्टी, पण नव्याचा मुहूर्त आजच. महादेवनं बटण दाबलं. पॅनेलच्या पडद्यावर क्षणभर काही उजळलं, नेत्रानं ओठांत हसू दाबलं, आणि पडदा काळा झाला. एक बारीक, गोडसर, जळका वास उदबत्तीच्या वासात मिसळला.

“एन आतवा इदु? काय झालं हे?” बाळाप्पांनी विचारलं. “पूजेच्या दिवशी धूर काढलीस की गं!”

सगळे नेत्राकडे बघत होते. म्हणून महादेवकडे कुणी बघितलं नाही. त्यानं पुढं होऊन पाचच्या कप्प्यावरची माळ उचलली. खिडकीत आकडा होता, सात पूर्णांक आठ. खाली नॉबवर त्यानंच लावलेलं कुंकू. टिळा लावताना तो कुठं वळलाय हे बघायचं त्याला सुचलंही नव्हतं. फडकं गोल फिरलं होतं, नॉबही फिरला होता.

हे सगळं त्याला समजलं खरं, पण त्याच्या बोटांना आधी समजलं. बोटांनी नॉब मागे फिरवला. पाच पूर्णांक एक. मग बोटांनी माळही जागेवर ठेवली.

नेत्रा मीटर घेऊन आली. सप्लायच्या तारांवर टोकं टेकवून तिनं आकडा बघितला, परत बघितला.

“सप्लाय बरोबर आहे, अण्णा,” ती हळू म्हणाली. “म्हणजे माझंच काहीतरी चुकलं.”

महादेवनं तोंड उघडलं. पेढ्याचा खोका त्याच्यासमोर आला. त्यानं पेढा घेतला.

बाळाप्पा तिला बाजूला घेऊन बोलले. ओरडले नाहीत. पगाराचा हिशेब करून टाकू म्हणाले. ती मेलेला बोर्ड रुमालात गुंडाळून घेऊन गेली.

दसऱ्याच्या संध्याकाळी हुबळीत घरोघर बन्नीची, म्हणजे शमीची, पानं देतात, धाकटे थोरांच्या पाया पडतात, वर्षभराचं चुकलंमाकलं विसरायला सांगतात. महादेव दाराशी बसला होता. फाटक वाजलं. नेत्रा होती, हातात बन्नी.

“या, या,” मंगला आतून म्हणाली आणि फराळाचं ताट भरायला वळली.

“अण्णा, तुमच्या सप्लायला माझ्यामुळं लोक नावं ठेवतील,” नेत्रा म्हणाली आणि वाकली.

महादेव एकदम मागे सरला. त्याचे पाय भिंतीला टेकले, आणखी मागे जायला जागा नव्हती.

“पाया पडू नको. बोर्ड मी जाळला.”

मग त्यानं सांगितलं. फडकं, कुंकू, माळ, आकडा. सांगताना तो तिच्या हातातल्या पानांकडे बघत होता. मंगला ताट घेऊन उंबऱ्यातच थांबली.

नेत्रानं सगळं ऐकून घेतलं. “फडक्यानं फिरला, ते होतं,” ती म्हणाली. “पण मी मोजायच्या आधी तुम्ही परत फिरवलात?”

“हो.”

“मी कालपासून माझा प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचतेय. चूक सापडेना. मला वाटलं, चूक दिसण्याइतकीही अक्कल मला नाही.”

तिनं पानं त्याच्या हातात दिली नाहीत. खिडकीच्या कठड्यावर ठेवली आणि गेली. ताट मंगलाच्या हातातच राहिलं.

महादेवनं चपला अडकवल्या आणि तसाच बाळाप्पांच्या घरी गेला. अंगणात माणसं येत-जात होती. त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं. मुद्दाम, त्यांनी ओरडावं म्हणून. बाळाप्पांनी डोळे बारीक करून ऐकलं आणि पोट हलवत हसले.

“फूल वाहिलास, देवानं धूर दिला! होगली बिडो महादेवण्णा, जाऊ दे, एवढा मोठा माणूस असं तोंड करून येतो? त्या पोरीला सांग, परवा ये म्हणून.” आणि त्याला बन्नी दिली, छातीशी धरलं.

तेव्हा महादेवला खरी लाज वाटली. तोच धूर, तोच वास. काल तिच्या नावावर होता तेव्हा कुणी हसलं नव्हतं. त्याची चूक अंगणात विनोद होऊन फिरायला लागली, पाहुण्यांनी एकमेकांना सांगितली. इतकं स्वस्त होतं ते सांगणं, आणि तेवढ्यासाठीही त्यानं एक दिवस लावला होता.

नेत्रा परत आली. नवा बोर्ड आला, तारांमध्ये फ्यूज आणि संरक्षण बसलं, पाचच्या नॉबवर तिनं एक टोपण घट्ट चिकटवलं. अळणावरचं पॅनेल चालतंय म्हणतात. ती त्याला अजून अण्णाच म्हणते, चहा आला की त्याच्या पुढ्यात सरकवते.

फक्त, सप्लायला काही जोडायचं असलं की ती आधी मीटर घेते. खिडकीतला आकडा स्वच्छ दिसत असतो, तरी ती टोकं टेकवून स्वतः मोजते. आणि तिचं मोजून होईपर्यंत महादेव टेबलापासून एक पाऊल मागे, हात पाठीशी घट्ट धरून उभा राहतो.