सरासरीत न धरलेलं काम

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला ऑफिसात सगळे चिवटबाई म्हणतात. नाव अगदी बरोबर आहे. चौथीत गणित सुटेपर्यंत ती डबा उघडत नसे.

तिच्या ऑफिसात साठ संगणक आहेत आणि चार खात्यांची कामं तिथे येतात. कुठलं काम कुठल्या संगणकाने कधी करायचं, हे ठरवणारा प्रोग्राम तिने लिहिला. कामं लवकर संपायला हवीत, वीज कमी जळायला हवी आणि कुणी कायमचं ताटकळता कामा नये. एकाचं ऐकलं की दुसरं रुसतं. म्हणून तिने एक नियम घातला होता: काम जितकं जास्त थांबेल, तितका त्याचा नंबर वर सरकेल.

नवे साहेब आले आणि त्यांनी तो नियमच काढून टाकला. त्यांना भिंतीवरच्या फलकावर थांबण्याचा सरासरी वेळ कमी दाखवायचा होता. छोटी कामं भराभर पुढे गेली, आकडा उतरला, साहेबांचं कौतुक झालं. नदीकाठच्या वस्तीत पुराचं पाणी कुठवर चढेल हे काढणारं जलखात्याचं मोठं काम मात्र एकवीस दिवस पडून राहिलं. आणि फलकाला त्याचा पत्ताच नाही, कारण सरासरी फक्त संपलेल्या कामांची! कच्च्या मुलांना परीक्षेला बसू न देता शंभर टक्के निकाल लावणारे हेडमास्तर मी पाहिलेत. तेव्हाही माझं डोकं असंच तापायचं.

तिने बैठकीत विषय काढला. साहेब म्हणाले, "बाई, आकडा छान आलाय, दृष्ट कशाला लावता?"

"छान आहे साहेब. पण त्यात ती वस्ती नाही."

"मग वस्तीला सांगा, छोटी होऊन या."

सगळे हसले.

त्याच दुपारी तिने नियम परत घातला आणि बदलाच्या नोंदीत कारणाखाली स्वतःचं नाव लिहिलं. तीन दिवसांत नकाशा तयार झाला. सखल भागातल्या दोन गल्ल्यांमधली माणसं वेळेत हलवली गेली. फलकावरचा आकडा चढला आणि बाईंची बदली जुन्या फायलींच्या खोलीत झाली. कारण काय, तर म्हणे कार्यक्षमतेला बाधा!

नियम पुन्हा काढून टाकलाय. आता आरोग्य खात्याचं एक मोठं काम अकरा दिवस थांबलंय. परवा ती वरिष्ठांना द्यायचा अर्ज घेऊन आली, शुद्धलेखन तपासायला. भाषा फार कडक झाली का, असंही तिने विचारलं. मी दोन वेलांट्या सुधारल्या. बाकी एक शब्दही मऊ केला नाही.