कल्हई केलेलं रोमी नाणं

बार्शीहून तेरला जाताना वाटेतच डोकं तापलं. निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरीच्या नाक्यावर (तिथं जकात घेतात) कारकुनानं माझी पिशवी जमिनीवर उपडी केली. भिंगाला जकात लावायची की नाही, हे त्याला ठरवता येईना. त्यात तास गेला.

पुढं बैलगाडीचा रस्ता. ज्वारीची कापणी उरकलेली, तेरणेत घोटाभर पाणी. गावाबाहेर पांढरीची (जुन्या वस्तीच्या मातीची) टेकाडं दिसली. लोक ती माती गाड्या भरभरून शेतात नेत होते. एके काळी रोमशी व्यापार करणारं नगर खत म्हणून चाललं होतं! मी एकाला हटकलं.

"पीक लई जोमात येतं," तो म्हणाला आणि फावडं मारत राहिला.

मी आलो होतो एका नाण्यासाठी. मागच्या वर्षी चाँदभाई कल्हईवाल्यांच्या दुकानात काशाचं हिरवट रोमी नाणं पाहिलं होतं. एका बाजूला राजाचं तोंड, दुसरीकडं उभी बाई. ती कोणती देवता, हे मला शोधायचं होतं. "जपून ठेवा, नीट बघायला येतो," असं सांगून गेलो होतो.

चाँदभाईंनी गूळ-शेंगदाणे पुढं ठेवले आणि फडक्यातून नाणं काढलं. नव्या ताटासारखं चकचकीत. दोन्ही बाजू सपाट.

"हे काय केलंत?"

"लई जंग चढला व्हता, साब. तुमी येणार म्हणून वाळूत घासलं, कल्हई केली. मेहमानाला असलं हिरवं दाखवू व्हय?"

मी नको ते बोललो. अडाणी म्हणालो, सत्यानाश केलात म्हणालो. शेंगदाण्यांची ताटली लोटून दिली. चाँदभाई भात्याशी बसून मान खाली घालून ऐकत होते.

"बाईच्या उजव्या हातात तराजू व्हता, साब," ते हळूच म्हणाले. "डाव्या कुशीत शिंग, त्यात फळं भरलेली. राजाची दाढी बारीक कुरळी. म्या रोज बघायचो. तुमी न्हाय बघितलं?"

मी बघितलं नव्हतं. मागच्या वर्षी नाणं चांगली दहा मिनिटं माझ्या हातात होतं आणि मी जमलेल्या लोकांना रोमवर व्याख्यान देत बसलो होतो.

परतीच्या वाटेवर त्यांचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवले. नाणं घासल्याचा राग अजून गेलेला नाही, पण स्वतःवरचा राग त्याहून मोठा आहे. त्या नाण्याबद्दल आज मला जे काही ठाऊक आहे, ते सगळं मी ज्यांना अडाणी म्हणालो त्यांनी सांगितलेलं आहे.